तेल कमी करा म्हणता, मग त्याजागी काय?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य



हृदयासाठी काय खावे, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात दर काही वर्षांनी पालटते. तूप सोडा आणि करडईचे तेल वापरा, असे एका पिढीने ऐकले. पुढच्या पिढीला सांगण्यात आले की रिफाइंड तेलच घातक, घाण्याचे तेल आणि साजूक तूप खा. अंड्यातला पिवळा बलक कितीतरी वर्षे ताटाबाहेर राहिला. मग अमेरिकेच्या २०१५-२० च्या आहारविषयक सूचनांतून कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादाच वगळली गेली. २०१८ च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद मराठी घरांत निवडणुकीच्या हिरिरीने रंगला. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणत होते, ऋजुता दिवेकर थोडे थोडे, वरचेवर आणि तूप न टाळता खा म्हणत होत्या. २०२५ च्या जानेवारीत पंतप्रधानांनी स्वयंपाकातले तेल दहा टक्के कमी करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी जुलैत समोसा-जिलेबीवर इशारा छापणार की नाही, यावरून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला खुलासा करावा लागला. पैठण तालुक्यातल्या पाचोडला पूर्वी असे सल्ले एकेक करून, उशिरा पोहोचत. आता ते सगळे एकाच मोबाइलवर, एकाच दुपारी येतात. त्यामुळे माणसे गोंधळतात असे म्हटले जाते, पण मला तसे वाटत नाही. जो तो आपल्या जिभेला रुचेल तो सल्ला उचलतो आणि बाकीच्यांना ‘डॉक्टरांचेच एकमत नाही’ म्हणून निकालात काढतो. आपल्या विभागाला खरी काळजी याची वाटायला हवी.

माझे म्हणणे असे आहे की या सल्ल्यांतला विरोध दिसतो तितका मोठा नाही. पुष्कळसा विरोध अर्धवट सांगण्यातून जन्मतो. अमुक सोडा एवढेच सांगितले जाते. सोडलेल्या पदार्थाची जागा काय घेणार, हे सांगितले जात नाही. पण पोट रिकामे राहत नसते. एक गोष्ट ताटातून गेली की दुसरी येते, आणि हृदयाचे बरेवाईट त्या येणाऱ्या गोष्टीवर तितकेच अवलंबून असते. ‘कशाऐवजी काय’ हा प्रश्न न विचारता केलेले अभ्यास एकमेकांशी भांडताना दिसतात. तो विचारला की त्यांतले बरेचसे भांडण मिटते, आणि जे उरते ते खरे भांडण असते.

करडईपासूनच सुरुवात करतो, कारण हे पीक मराठवाड्याचे आहे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या वाणांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत हृदयविकाराचा झटका किंवा तसाच त्रास येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. एका गटाला लोणी व प्राणिज चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्यापासून केलेले मार्जरीन देण्यात आले. कोलेस्टेरॉल अपेक्षेप्रमाणे उतरले. मृत्यूंचे सगळे तपशील मात्र तेव्हा बाहेर आले नाहीत. जुनी माहिती शोधून केलेले फेरविश्लेषण २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले, आणि करडईच्या गटात १७.६ टक्के तर दुसऱ्या गटात ११.८ टक्के माणसे दगावली होती असे त्यातून दिसले. तूपप्रेमींनी हा निष्कर्ष झेंड्यासारखा मिरवला. पण २०१७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने तेलांवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा सिडनीचा प्रयोग मुख्य हिशोबात धरलाच नाही. त्या काळच्या मार्जरीनमध्ये ट्रान्स फॅट असे, म्हणजे लोणी गेले आणि त्याच्या जागी तेलाबरोबर आणखी एक विष आले, हा त्यांचा आक्षेप. प्रयोग एकच, त्याची वाचने दोन. आणि दोन्हींचा तंटा शेवटी लोण्याची जागा नेमकी कशाने घेतली यावरच येऊन ठेपतो. लोणी-तुपाऐवजी पातळ वनस्पतिजन्य तेले घेणाऱ्यांना फायदा झाल्याचे बहुतेक चांगले प्रयोग सांगतात. कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात संपृक्त चरबी कमी करणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी घटलेल्या दिसतात, मात्र एकूण मृत्यूंत फारसा फरक दिसत नाही. हा फायदा खरा आहे, पण ज्या आवाजात तो सांगितला गेला तितका मोठा नाही.

याच्या उलट टोकाचा पुरावाही भारतातच आहे आणि तुपाच्या बाजूने तो नेहमी पुढे केला जातो. रेल्वेतले वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९६७ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिले की तूप-दूध भरपूर खाणाऱ्या उत्तरेपेक्षा कमी चरबी खाणाऱ्या दक्षिणेत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सातपट आहे. निरीक्षण महत्त्वाचे होते आणि ते दडपण्याचे कारण नव्हते. पण ते निरीक्षणच होते. दोन प्रदेशांत तुपाखेरीज धान्य, श्रम, विडी-सिगारेट, निदानाची सोय अशा वीस गोष्टी वेगळ्या होत्या, आणि त्यांतली कोणती जबाबदार, हे मृत्यूच्या नोंदवहीतून कळत नाही. नेमका हाच आक्षेप अलीकडच्या अठरा देशांतल्या ‘प्युअर’ अभ्यासालाही लागू होतो. २०१७ साली त्याने सांगितले की आहारात पिष्टमय पदार्थांचा वाटा फार मोठा असणाऱ्यांत मृत्यू जास्त आणि चरबीचा वाटा मोठा असणाऱ्यांत कमी. ज्याच्या ताटात नुसता भात किंवा नुसती चपाती आहे तो बहुधा गरीबही असतो, हे त्या आकड्यांतून पूर्ण वेगळे काढता येत नाही. तरीही त्याने दाखवलेली दिशा पाचोडला दुर्लक्षून चालणार नाही. चरबी काढून तिच्या जागी पांढरे पीठ, तांदूळ आणि साखर आली, तर हृदयाचे काही भले होत नाही, हे आज तूपवाले आणि तेलवाले दोघेही मान्य करतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मे २०२४ च्या सूचना मला याच कारणाने आजवरच्या सरकारी कागदांत सर्वांत उपयोगी वाटतात. भारतीयांच्या आहारातली ५० ते ७० टक्के ऊर्जा धान्यातून येते. ती ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणावी आणि डाळी, कडधान्ये, मांस यांतून १५ टक्क्यांपर्यंत घ्यावी, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. काय कमी करायचे आणि त्याच्या जागी काय आणायचे, हे दोन्ही त्यात एकत्र आहे. पण हे वाक्य पाचोडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीपर्यंत पोहोचताना त्यातला दुसरा अर्धा भाग गळतो आणि ‘तेलकट, तुपकट टाळा’ एवढेच शिल्लक राहते.

राज्याचा स्वतःचा हात काय वाढतो, तेही पाहू. अन्नसुरक्षेच्या यादीतल्या माणसाला महिन्याला पाच किलो मोफत धान्य मिळते, आणि ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ असते. ते मिळते म्हणून लाखो घरे उपाशी झोपत नाहीत, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण बाजरी-ज्वारी विकत घ्यावी लागते आणि गहू फुकट येतो, तेव्हा भाकरीची जागा कोण घेणार हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ सुरू झाला. त्यात रवा, साखर आणि हरभराडाळ एकेक किलो आणि पामतेल एक लिटर. सणाला गोडधोड व्हावे यात गैर काही नाही. मात्र वर्षभर लोकांना साखर-तेल कमी करा सांगणाऱ्या सरकारने आपल्या सणाच्या भेटीत नेमक्या याच दोन वस्तू घालाव्यात, आणि तेलांतही संपृक्त चरबी जास्त असलेले निवडावे, याकडे आरोग्य विभागाने एकदा तरी बोट दाखवायला हवे होते. पुरवठा विभाग आपला नाही हे मला ठाऊक आहे. पण हृदय मात्र आपल्याच विभागात येते.

दहा टक्के तेलाचे आवाहनही याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. संभाजीनगर शहरात बसून काम करणाऱ्या, आठवड्यातून तीनदा बाहेर तळलेले खाणाऱ्या कुटुंबाने तेल दहा टक्के घटवले तर उत्तमच. वीस टक्केही घटवावे. ऐन हंगामात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईच्या जेवणात मात्र भाकरी, पातळ आमटी आणि ठेचा एवढेच असेल, तर त्यातली चमचाभर फोडणी ही थोड्या घासात जास्त ऊर्जा देणारी जवळपास एकमेव वस्तू असते. ती दहा टक्के गेली तर बदली काय येणार? अर्धी भाकरी अधिक, किंवा काहीच नाही. तिच्या ताटात दाण्याचे कूट, एक वाटी घट्ट वरण किंवा मटकीची उसळ वाढावी, हा सल्ला हृदयासाठीही योग्य आहे आणि तिच्या श्रमासाठीही. एकच टक्केवारी सगळ्या राज्याला लावण्यात सोय आहे, पण ती सोय घोषणा करणाऱ्याची आहे.

आता ज्यावर भांडण तुलनेने कमी आहे आणि बोलले मात्र सर्वांत कमी जाते, त्या मिठाकडे येतो. भारतातला प्रौढ माणूस सरासरी आठ ग्रॅम मीठ रोज खातो असे राष्ट्रीय पातळीवरच्या पाहणीत आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमची आहे. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ कारखान्यात बनलेल्या पदार्थांतून येते, त्यामुळे तिथल्या घरातल्या बाईच्या हाती फार काही नसते. आपल्याकडे ते अजून मुख्यत्वे घरच्या भांड्यातून येते: भाजी, आमटी, ठेचा, लोणचे, पापड, कुरड्या. म्हणजे घरातले मीठच बदलले तर बरेच काही बदलते, आणि बदली काय आणायचे याचे उत्तर तयार आहे. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार माणसांवर पाच वर्षे प्रयोग झाला. ही माणसे पक्षाघात होऊन गेलेली किंवा साठीपुढची आणि रक्तदाब असलेली होती. निम्म्या खेड्यांना साधे मीठ वापरू दिले, निम्म्यांना असे मीठ दिले ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड होते. २०२१ साली निकाल आला तेव्हा दुसऱ्या गटात पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी होते. कुणालाही आहाराचे व्याख्यान ऐकावे लागले नाही, कुणाच्या घरची भाजी बदलली नाही. आपल्या शेजारी, कधीकाळी मराठवाड्याबरोबर एकाच राज्यात असलेल्या तेलंगणात, सिद्दिपेट जिल्ह्यातल्या खेड्यांत असेच मीठ रक्तदाबाच्या ५०२ रुग्णांना तीन महिने दिले, तर वरचा रक्तदाब सरासरी ४.६ अंकांनी उतरला. अखेर २०२५ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाची शिफारस केली. आपल्याकडे मात्र दुकानात ‘हृदयासाठी’ म्हणून सैंधव मागितले जाते. ते जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते आणि बहुधा त्यात आयोडीन घातलेले नसते. चुकीची बदली कशी होते, याचे याहून ठळक उदाहरण नाही.

यावर आक्षेप येतील, आणि काही वजनदार आहेत. पहिला, मिठावरही सगळ्यांचे एकमत नाही. हे खरे आहे. प्युअरच्याच संशोधकांनी फार कमी मीठ खाणाऱ्यांतही धोका वाढलेला दाखवला आहे. पण तो वाद खालच्या टोकाचा आहे. आठ-नऊ ग्रॅम त्यांना धोक्याचे वाटत नाही हे खरे, पण चीनच्या प्रयोगात माणसे मिठाच्या कडेलोटापर्यंत गेलीच नव्हती, त्यांनी मीठ बदलले होते. दुसरा, मराठवाड्याच्या उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ लागते. लागते. पोटॅशियमयुक्त मिठातही सोडियम भरपूर असते, आणि उन्हाळ्यात उलटी-जुलाब झालेल्याला जलसंजीवनी द्यायची ती द्यायचीच. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना जादा पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते. चीनच्या प्रयोगात असे ज्ञात रुग्ण वगळले होते. म्हणून हे मीठ सरसकट रेशनवर टाका असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे हा पुन्हा अर्धा सल्ला होईल. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब-मधुमेह तपासणी हा आपल्याच विभागाचा कार्यक्रम आहे. त्यात आढळलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांची क्रिएटिनीन चाचणी केली, तर कोणत्या घरात हे मीठ जाऊ नये हे कळू शकते.

आणखी एक आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. लोकांना बारकावे कळत नाहीत, त्यांना एक साधे वाक्य द्या, असे प्रसिद्धी खात्यात म्हटले जाते. पाचोडच्या मोसंबी बाजारात रोज मालाची प्रत, आकार आणि दर यांची घासाघीस करणाऱ्या माणसाला ‘याऐवजी ते’ कळत नाही, हे मला पटत नाही. साखर घातलेल्या रसाऐवजी अख्खी मोसंबी, खारीऐवजी फुटाणे, दुसऱ्या चपातीऐवजी उसळ: ही वाक्ये ‘संतुलित आहार घ्या’पेक्षा सोपीच आहेत. वाडवडिलांनी तूप खाल्ले आणि ठणठणीत राहिले, असेही म्हटले जाते. जे ठणठणीत राहिले त्यांचीच आठवण राहते, हा एक भाग. शिवाय या कोरडवाहू भागात बहुतेक घरी तूप सणावारी दिसायचे. लोणी काढून विकणाऱ्या घरात मुलांच्या वाट्याला ताक यायचे. बेताच्या तुपाला आजही कोणताच गंभीर अभ्यास शत्रू ठरवत नाही.

शिवाय सगळेच सल्ल्याने होत नसते. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जगात वाद नाही, आणि त्याबाबत अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये तीन आणि २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली. पाचोडच्या बेकरीतली खारी आणि टोस्ट खाणाऱ्या एकाही माणसाला त्यासाठी काही वाचावे लागले नाही. पुरावा पक्का असेल तिथे कायदा करावा, मध्यम असेल तिथे नेमकी बदली सांगावी, कच्चा असेल तिथे सरकारने गप्प बसावे. शेवटची गोष्ट अवघड असते. दिवसातून दोनदा जेवावे की सहादा, याचा हृदयविकाराच्या मृत्यूंवर काय परिणाम होतो याचा दीर्घ प्रयोग समोर नसताना राज्याने त्या वादातल्या एका बाजूच्या डॉक्टरांना स्थूलताविरोधी मोहिमेचे दूत नेमले होते. त्या डॉक्टरांच्या तळमळीवर माझा आक्षेप नाही. पण सरकारी शिक्का पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या मातीतला पुरावा कमी आहे, ही या सगळ्यातली खरी उणीव. भारतीय आहार आणि हृदय यांवरचा जगभर उद्धृत झालेला मुरादाबादचा प्रयोग २००२ साली लॅन्सेटमध्ये आला आणि २००५ साली त्याच नियतकालिकाने त्याच्या विश्वासार्हतेबद्दल जाहीर शंका नोंदवली. त्यानंतर ती जागा भरून काढणारे मोठे भारतीय काम झालेले नाही. बाजरीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाणे आणि करडई असे जेवणाऱ्या माणसांसाठीचा निर्णय आपण अजून सिडनी आणि भूमध्य समुद्राकाठच्या अभ्यासांतून आणतो.

म्हणून मागणी ठेवतो. पैठण तालुक्यातली खेडी निवडून, निम्म्यांत साधे आयोडीनयुक्त मीठ आणि निम्म्यांत पोटॅशियमयुक्त आयोडीनयुक्त मीठ, असा तीन वर्षांचा प्रयोग राज्याने स्वतःच्या खर्चाने करावा. संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि सुरक्षेची देखरेख सांभाळू शकते. आशाताई घरोघरी जातातच. मात्र या कामाचा त्यांना वेगळा मोबदला द्यावा लागेल. खेडी वाटून, तुलना करून अभ्यास करणे इथे नवे नाही. पाचोडच्याच इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने किशोरवयीन मुलींच्या जीवनकौशल्य शिक्षणावर असा अभ्यास केला होता, आणि त्यात मुलींचे लग्नाचे वय वर्षभराने पुढे गेल्याचे दिसले होते. प्रयोग होईपर्यंत विभागाच्या प्रत्येक भित्तिपत्रकावर ‘टाळा’ या शब्दाशेजारी ‘त्याऐवजी’ छापलेले असावे, आणि त्याऐवजी सांगितलेली वस्तू पाचोडच्या आठवडी बाजारात त्याच किमतीत मिळते की नाही हे छापण्याआधी पाहिलेले असावे. शिधा पुन्हा द्यायचा झाला तर त्याची यादी ठरवताना पुरवठा विभागाने आपल्या विभागाचे लेखी मत घ्यावे. साखरेच्या किलोतला अर्धा किलो कमी करून शेंगदाणे देता येतील का, आणि त्याला किती पैसे जास्त लागतील, एवढा हिशोब तरी त्यात असावा.

मिठाच्या प्रयोगाचा प्रस्ताव आपला विभाग विचारात घेणार असेल तर तो कोणाकडे आणि कोणत्या नमुन्यात पाठवायचा, हे कळवावे. घेणार नसेल तर नकाराची कारणे लेखी द्यावीत, म्हणजे त्यांना उत्तर देता येईल.

आपला,
पाचोड (ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर) येथील एक नागरिक